दोन जास्तीची शून्यं

पुण्यातल्या ऑफिसमध्ये नोकरीला लागून आठवडाच झाला होता. कॅन्टीनच्या काउंटरवर मी म्हटलं, "भैया, एक चाय द्या ना जी," आणि मागून कुणीतरी विचारलं, "झाशी की ग्वाल्हेर?"

वळून पाहिलं. चाळिशी ओलांडलेले एक गृहस्थ हातात ताट घेऊन उभे होते, चेहऱ्यावर हसू.

"झाशी. लक्ष्मी गेटजवळ घर आहे आमचं," मी म्हटलं.

"मी गुरसरायचा," ते म्हणाले. "मग बस इथंच. आपलं मराठी इथल्या लोकांना कळत नाही, आपण एकमेकांशी बोलू."

ते खरंच होतं. आमच्यासारख्या घरांत मराठी उंबऱ्याच्या आत बोलली जाते. पूर्वज कुणाबरोबर आणि कोणत्या कामाला बुंदेलखंडात आले हे आईला पाठ आहे, मला नाही. पण दारातून बाहेर पाऊल टाकलं की हिंदी, आणि आत येताना तीच थोडी पायाला लागून येते. पुण्यात माझं बोलणं ऐकून लोक थांबायचे. कॅन्टीनमधले ते गृहस्थ मात्र थांबत नसत. मी त्यांना सर म्हणायची, ते मला 'झाशीवाली'.

पुढची आठेक वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम शिकले. आमची कंपनी साठवणुकीच्या यंत्रणा बनवायची. मोठ्या इस्पितळाची, बँकेची सगळी माहिती त्यांच्या टेबलांवरच्या संगणकांत नसते. वेगळ्या थंड खोलीत डिस्कांनी भरलेली कपाटं असतात आणि बाकीचे संगणक नेटवर्कवरून त्यांच्याकडे माहिती मागतात. ही मागणी कपाटाकडे पोचवायची आणि उत्तर आलं की ज्यानं मागितलं त्याच्या हवाली करायचं, एवढं काम करणारा प्रोग्राम म्हणजे आमचा ड्रायव्हर. माणिक चौकातल्या आमच्या वाण्याला मी एकदा सांगितलं होतं की मी ड्रायव्हरचं काम करते. तेव्हापासून तो आईला विचारतो, "बिटिया कौन सी गाड़ी चलाती है?"

तो ड्रायव्हर बराचसा सरांनी लिहिलेला होता. ते हळू लिहायचे. एक पान कोड लिहिण्याआधी वहीत चौकटी आणि बाण काढून चार दिवस त्याकडे बघत बसायचे. मी घाईची. माझ्या घाईवर ते रागवत नसत. "मोजलंस का?" एवढंच विचारत. मी मोजलेलं नसे.

गावी जाताना त्यांना झाशीला उतरून गुरसरायची बस घ्यावी लागे. मग ते आमच्या घरी येऊन आंघोळ करत, आईच्या हातचं वरण-भात जेवत आणि पुढे जात. मी नसले तरी येत. आई त्यांच्यासाठी सांज्याच्या पोळ्या बांधून ठेवायची. ऑफिसातला माणूस असा घरचा होतो तेव्हा त्याच्याशी कसं वागायचं याचे नियम वेगळे व्हायला हवेत. माझ्या बाबतीत ते झाले नाहीत.

आई जिन्यात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ग्वाल्हेरला ऑपरेशन झालं. वडील आधीच गेलेले, भावंडं नाहीत. मी कंपनीला कळवलं की मला झाशीला जाऊन घरूनच काम करावं लागेल. परवानगी मिळाली, पण सहा महिन्यांपुरती, पुढचं नंतर बघू या बोलीवर. ती मिळवून द्यायला सरच मॅनेजरशी बोलले होते, हे मला पुढे दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

पुणं सोडण्याच्या आदल्या आठवड्यात मी ड्रायव्हरमध्ये एक बदल केला होता. नेटवर्कचं कार्ड प्रत्येक उत्तर आलं की संगणकाला हाक मारायचं. काम फार असलं की इतक्या हाका व्हायच्या की संगणक दमून जायचा. म्हणून मी कार्डाला सांगितलं, आठ उत्तरं जमली की एकदाच हाक मार, आणि आठ जमली नाहीत तर अमुक इतका वेळ थांबून हाक मार. भरपूर काम देऊन चाचणी घेतली. वेग वाढलेला दिसला. मॅनेजरनं शाबासकीची मेल पाठवली आणि मी सामान बांधायला घेतलं.

काही महिन्यांनी, ऐन उन्हाळ्यात, एका मोठ्या इस्पितळाची तक्रार आली. डॉक्टरांच्या पडद्यावर एक्स-रे आणि स्कॅन उघडायला फार वेळ लागतोय. नेहमी नाही, कधीकधी. एक प्रतिमा उघडायची तर शेकडो छोटे तुकडे एकामागून एक मागवावे लागतात. प्रत्येक तुकड्याला डोळ्याची पापणी लवण्याइतका उशीर झाला तरी बेरीज मोठी होते, आणि डॉक्टर रुग्णासमोर नुसता बसून राहतो. ग्राहक चिडला होता. मॅनेजरही.

मी वरच्या खोलीत कूलरसमोर बसून चार दिवस माग काढत होते. बाहेर लू, ती भाजून काढणारी हवा, चालली होती, खाली आईला फिजिओथेरपीचे व्यायाम करवायला बाई यायची, आणि माझ्या पडद्यावर आलेखामागून आलेख. सरांनी लिहिलेल्या भागात एक लॉक होतं. मागण्यांच्या यादीत एका वेळी एकानंच हात घालावा म्हणून घातलेलं. गर्दीच्या वेळी त्या लॉकसमोर रांग लागलेली मला दिसली. फार मोठी नव्हती. पण दिसत होती, आणि मला काहीतरी दाखवायला हवं होतं. माझी सहा महिन्यांची मुदत त्याच महिन्यात संपत होती.

बैठक दुपारी व्हिडिओवर झाली. मॅनेजरनं विचारलं, "कुठं आहे प्रॉब्लेम?"

मी आलेख दाखवला. "लॉकमध्ये वेळ जातोय."

"हा भाग कुणाचा?"

 सर म्हणाले, "माझा."

मग ते आलेखाकडे बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "एक गोष्ट जुळत नाही. इस्पितळाच्या तक्रारींच्या वेळा मी पाहिल्या. सकाळी ओपीडी भरलेली असताना सगळं नीट चालतं. उशीर होतो तो दुपारी, इस्पितळ रिकामं असताना. लॉकचा दोष असता तर उलट झालं असतं. गर्दीत अडलं असतं. मला आठवडा द्या, मी रिकाम्या वेळेचं मोजतो."

हे मी ऐकलं. ते बरोबर आहे हेही त्या क्षणी मला कळलं.  तरी मी बोलले, "सर, माझ्याकडे आकडे आहेत. तुमच्याकडे अंदाज आहे."

असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. पडद्यावरच्या छोट्या चौकटीत त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"ठीक आहे," ते म्हणाले.

मॅनेजरनं तो भाग नव्यानं लिहायचं काम मला दिलं. मी तीन आठवड्यांत लिहिला. गर्दीच्या वेळचा वेग थोडा सुधारला. त्याच सुमारास त्या इस्पितळानं आणखी दोन विभागांचं काम त्याच कपाटावर आणलं, त्यामुळे यंत्रणा रिकामी अशी कधी राहीनाच, आणि तक्रार थांबली. ती का थांबली हे कुणी विचारलं नाही. श्रेय माझ्या नव्या कोडला मिळालं, आणि मला झाशीहून कायम काम करायची परवानगी.

सरांना जुन्या, बंद होत आलेल्या यंत्रणेच्या देखभालीवर टाकलं. दिवाळीच्या आधी त्यांनी राजीनामा दिला. निरोपाची बैठकही व्हिडिओवरच झाली. सगळे चांगलं बोलले. मी म्हटलं, "मी जे काही शिकले ते सरांकडून." खोटं नव्हतं ते. गुरसरायला जाताना या वेळी ते आमच्याकडे आले नाहीत.

"त्यांची गाडी केव्हाची होती?" आईनं विचारलं. ती तेव्हा वॉकर घेऊन चालायला लागली होती.

"माहीत नाही."

"तू विचारलं नाहीस?"

मी कामाचं निमित्त काढून वर गेले.

थंडीत दुसऱ्या एका ग्राहकाकडून तीच तक्रार आली. ही छोटी पॅथॉलॉजी लॅब होती, दिवसभरात जेमतेम काम. म्हणजे गर्दीचा प्रश्नच नव्हता. माझं नवं कोड तिथं चालू होतं, सरांचं लॉक कुठं नव्हतंच, आणि तरी उशीर. मग मी ते केलं जे सरांनी आठवडाभरात करतो म्हटलं होतं. रिकाम्या वेळेचं मोजलं.

दीड तास लागला. उत्तर कपाटातून वेळेवर येत होतं. कार्डापाशी पोचत होतं. आणि कार्ड ते हातात धरून बसून राहत होतं. आणखी सात उत्तरं येण्याची वाट बघत. ती येणार नव्हती, कारण मागणारा एकच होता आणि पहिलं उत्तर मिळाल्याशिवाय तो दुसरं मागत नव्हता. ठरलेली मुदत संपली की कार्ड हाक मारायचं. पण ती मुदत मी लिहिली होती त्याच्या शंभरपट निघाली. मी कार्डाची पुस्तिका काढली. वेळेचं एकक मी धरलं होतं ते नव्हतं, त्याच्या शंभरपट मोठं होतं. तशी स्पष्ट ओळ तिथं होती. मी शंभर लिहिले होते, लिहायला हवा होता एक.

कोडच्या त्या ओळीसमोर बदल करणाऱ्याचं नाव दिसतं. माझं होतं.

मी दोन शून्यं पुसली. चाचणी घेतली. लॅबच्या यंत्रणेवर उशीर नाहीसा झाला. बदलाच्या नोंदीत मी लिहिलं, 'वेळेचं मूल्य दुरुस्त केलं.' पंधरा मिनिटांत एका सहकाऱ्यानं ते तपासून मंजूर केलं. कुणी काही विचारलं नाही, आणि मी कुणाला काही सांगितलं नाही. खाली जाऊन आईबरोबर अंगणात उन्हात बसले. ती मटार सोलत होती. मीही सोलायला घेतले. तिच्याकडे बघितलं असतं तर तिला कळलं असतं, म्हणून मटाराकडे बघत राहिले.

सरांना फोन करायचा, हे मी रोज ठरवायची. आज नको, त्यांचं दुखणं पुन्हा उकरायला नको, असं स्वतःला समजावायची. त्यांची काळजी वाटते असं त्यात दिसायचं. होळी झाली, आंबे आले. मी फोन केला नाही.

मे महिन्यात माझ्या एका जुन्या मैत्रिणीचा फोन आला. ती दुसऱ्या कंपनीत मोठ्या पदावर आहे. म्हणाली, "अगं, तुझ्या त्या सरांबद्दल विचारायचं होतं. आम्हाला ते हवे होते. घरूनच करायचं काम, अगदी त्यांच्या विषयातलं. पहिली मुलाखत इतकी सुंदर झाली. दुसऱ्या वेळी त्यांनी स्वतःच नकार दिला. म्हणाले, माझ्या हातून एक चूक झाली, इस्पितळातल्या लोकांना त्रास झाला, आणि ती चूक नेमकी काय होती ते मला अजून सापडलेलं नाही. असं असताना मी तुमचं काम अंगावर घेऊ नये. कसली चूक गं?"

मी म्हटलं, "चूक नव्हती त्यांची."

"मग हे कुणी त्यांना सांगितलं नाही?"

"जागा आहे अजून?"

"नाही. गेल्या महिन्यातच भरली."

शनिवारी सकाळी मी आईला सगळं सांगितलं. पहिल्यापासून. ती पाटावर बसून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "बस किती वाजता आहे?" आणि उठून, काठी टेकत, स्वयंपाकघरात गेली. पोळ्या करायच्या का असं मी विचारलं तर म्हणाली, "नको. रिकाम्या हातानं जा."

गुरसरायला सर त्यांच्या भावाच्या पंपांच्या दुकानामागे राहत होते. अंगणात बाजेवर पंपाचा एक स्टार्टर उघडून ठेवलेला होता आणि सर हातात पेचकस घेऊन वाकून त्याचे स्क्रू सोडवत होते. केस खूप पांढरे झाले होते.

"अरे, झाशीवाली!" ते उठले. "आई कशी आहे? चालते ना? अहो, बघा कोण आलंय." काकू, सरांच्या पत्नी, दारात आल्या. मला पाहून त्या हसल्या नाहीत. पाण्याचा गडू आणि फुलपात्र ठेवून चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

मी पाणी प्यायले नाही. बसल्या बसल्या सांगून टाकलं. कार्ड, आठ उत्तरं, मुदत, शंभर आणि एक.  ऐकता ऐकता सरांनी पेचकस हातातून खाली ठेवला.

"म्हणजे लॉक बरोबर होतं?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

"आणि मागणी मध्येच रद्द झाली तर? तो रस्ता? तिथं मी तेच लॉक दोनदा सोडत नव्हतो ना?"

"नाही सर. सगळं बरोबर होतं. मी नंतर सगळं तपासलं."

"तो रस्ता मला सारखा वाटायचा," ते म्हणाले. परीक्षेत पास झालो का असं विचारणाऱ्या मुलासारखा त्यांचा चेहरा झाला होता, आणि तो मला बघवेना. "कोड समोर नाही ना. डोक्यातूनच चालवायचं. मग आपण काय लिहिलं होतं आणि काय लिहिलं होतं असं वाटतं, यातला फरकच कळेनासा होतो."

काकू दारातून म्हणाल्या, "रोज सकाळी वही घेऊन बसतात. चौकटी काढतात, बाण काढतात, खोडतात. मी विचारलं तर म्हणतात, माझं कुठं चुकलं ते शोधतोय. वर्ष होत आलं."

सर म्हणाले, "राहू द्या हो."

"राहू कसं देऊ?" त्या म्हणाल्या. मग मला, "तुम्हाला कधी सापडलं हे?"

सरांनाही तेच विचारायचं होतं हे दिसत होतं. माझ्या मनात एक तारीख आली, मागच्या आठवड्यातली. तोंडापर्यंत आली.

"थंडीत," मी म्हटलं. "जानेवारीत."

 पुढच्या दुकानात कुणीतरी पंप चालू करून बघत होतं, तो घुरघुरून बंद झाला.

"आता मे चालू आहे," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी रडायला लागले. सरांनी थोडा वेळ रडू दिलं. मग म्हणाले, "बैठकीत तू बोललीस त्याचं मला फार नव्हतं वाटलं. आकडे होते तुझ्याकडे. मला वाटलं, मुलगी आता माझ्या पुढे गेली, मी मागे पडलो. बरंच वाटलं होतं थोडं. पण जानेवारीत एक फोन करायचा होतास, बेटा."

त्यांच्या नोकरीबद्दल मी म्हटलं, मैत्रिणीशी बोलते, पुढे जागा निघाली तर. त्यांनी हात हलवला. "आता नको. एकदा हात थरथरायला लागला की मग तो थरथरतोच. स्टार्टर बरे आहेत. उघडले की सगळं डोळ्यांना दिसतं."

काकूंनी जेवायला वाढलं. भाजी पुन्हा हवी का हे त्यांनी सरांना विचारलं, मला न विचारताच वाढली. निघताना मी काकूंच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण आशीर्वाद तोंडानं दिला नाही. परतीच्या बसमध्ये खिडकीची सीट मिळाली होती. रस्ताभर बाहेर बघत होते, पण काय पाहिलं ते काहीच आठवत नाही.

सोमवारी मी मॅनेजरला आणि पूर्ण टीमला मेल लिहिली. चूक माझी होती, सरांचं निदान बैठकीतच बरोबर होतं, मला ते तेव्हाच जाणवलं होतं तरी मी ते खोडून काढलं, आणि खरं कारण सापडल्यावरही चार महिने लपवलं. हे शेवटचं वाक्य लिहायला सकाळ गेली. मॅनेजरचं उत्तर तासाभरात आलं. प्रामाणिकपणाबद्दल आभार, प्रश्न सुटलेला आहे हे महत्त्वाचं, आता पुढच्या आवृत्तीकडे लक्ष देऊ. माझं काहीच बिघडलं नाही. नोकरी तशीच, पगार तसाच, वरची खोली तीच. कुणीतरी रागवावं, काहीतरी काढून घ्यावं असं मला फार वाटत होतं. तसं कुणी केलं नाही. टीममधल्या एका मुलीनं तेवढं खासगीत लिहिलं, "सरांना हे कळलंय का?"

ती मेल मी सरांनाही पाठवली. पंधरा दिवस काही उत्तर नव्हतं. आई रोज विचारायची, मी मान हलवायची. मग एक दिवस फोनवर त्यांचा निरोप आला. मेलबद्दल एक शब्द नव्हता. लिहिलं होतं, 'मुदत एक केलीस ते ठीक. पण आठाचा आकडा तसाच ठेवलास ना? मध्यम गर्दीत, तीन-चार मागण्या असताना, काय होतं ते मोजलंस का?'

मोजलं नव्हतं. त्या दिवशी बाकीचं सगळं बाजूला ठेवून मी ते मोजलं. मध्यम गर्दीत अजूनही थोडा उशीर होत होता. आठाचे दोन केले तर तोही जात होता. सगळे आकडे नीट मांडून, आलेख काढून मी त्यांना पाठवले, आणि बदलाच्या नोंदीत सुचवणाऱ्याच्या जागी त्यांचं नाव लिहिलं.

निरोप वाचल्याची खूण लगेच उमटली. पुढे त्यांनी काही लिहिलं नाही.